ब्रुकलिनचा जिलियो: रथाच्या दोराला हात लावलेल्यांनी जरूर बघावा

उन्हाळ्यात मुलाकडे नाहीतर मुलीकडे अमेरिकेला जाणारे नाशिककर आता गल्लोगल्ली आहेत. नायगरा, टाइम्स स्क्वेअर, स्वातंत्र्यदेवी हे सगळं पोरं दाखवतातच. त्यांना सांगून जुलैतला एक रविवार न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गसाठी बाजूला काढा. तिथल्या अवर लेडी ऑफ माउंट कार्मेल चर्चची जत्रा तेव्हा भरते. इटलीतल्या नोला गावाहून पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांची नातवंडं-पणतवंडं त्या जत्रेत जिलियो नावाचा उंच मनोरा खांद्यावर घेतात. 1903 पासून ही प्रथा तिथे आहे. बघायला पैसे लागत नाहीत, रस्त्यावर जाऊन उभं राहायचं.

मी पंचवटीतला. कामदा एकादशीला रामाच्या रथाचा दोर धरत मोठा झालो, त्यामुळे माझी नजर त्याच अंगाने गेली.

जिलियो म्हणजे सत्तर-ऐंशी फूट उंचीचा निमुळता मनोरा. अंगावर कागदाच्या लगद्याची फुलं, देवदूत, संतांच्या मूर्ती आणि अगदी टोकाला संत पाओलिनो. खालच्या चौथऱ्यावर ताशे-तुताऱ्यांसकट अख्खा बँड आणि गाणारा उभा असतो. सगळं मिळून वजन सुमारे 4 टन. आणि याला चाकं नाहीत. शंभराच्या वर गडी दांड्यांखाली खांदे लावतात आणि हा डोलारा बँडच्या ठेक्यावर उचलून चालवतात. एकेक गाणं म्हणजे एकेक उचल. गाणं संपता संपता इशारा होतो आणि सगळे एकदम गुडघ्यात वाकून तो जमिनीला टेकवतात. तेव्हा जो धप्प आवाज होतो तो कानाआधी पायांना कळतो.

पहिल्यांदा बघणारा मान वर करून टोकाकडेच बघत राहतो. मी म्हणेन, खाली बघा. जिलियोच्या पुढे हातात काठी घेतलेला एक माणूस असतो, त्याला कापो म्हणतात. तो उचलणाऱ्यांकडे तोंड करून उलटा चालतो. काठी वर गेली की शंभर जणांचे गुडघे ताठ होतात, बाजूला झुकली की अख्खा मनोरा वळतो. आपल्या रथापुढे मानकरी बुवा रामरायाकडे तोंड करून, हात जोडून उलटे चालतात, ते डोळ्यांसमोर आलं आणि अंगावर सरसरून काटा आला. बुवा देवाला पाठ दाखवत नाहीत. कापो आपल्या गड्यांवरची नजर काढत नाही. मी मुलाला दंडाला धरून म्हटलं, "अरे, बघ, उलटा चालतोय!" तो म्हणाला, "बाबा, म्हणूनच आणलं तुम्हाला."

कापो होणं सोपं नाही. वर्षानुवर्षं खांदा द्यायचा, मग हळूहळू वरच्या मानाच्या जागा मिळतात. आपल्याकडे गरुडरथ अहिल्याराम व्यायामशाळेचा, रामरथ रास्ते आखाड्याचा, धुरेचा मान पाथरवट समाजाचा. ज्याला ही मानाची गोष्ट समजते त्याला तिथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. एका उचलीनंतर एक पासष्टीचा गृहस्थ शेजारी येऊन पाणी पीत उभा राहिला. बनियनचा पट्टा सरकला होता आणि खांद्यावर लिंबाएवढा टणक गोळा दिसत होता, वर कातडी काळपट, राठ. मी बघतोय हे पाहून त्याने तो अभिमानाने थोपटला. शेजारी त्याचा मुलगा, आणि मुलाचा मुलगा पोरांच्या छोट्या जिलियोला खांदा देऊन आलेला. हो, पोरांसाठी वेगळा लहान जिलियो असतो. ही सोय मला सगळ्यात आवडली.

जिलियोबरोबर एक नाव, म्हणजे होडीही उचलतात. त्यामागची कथा अशी: पाओलिनो हे पाचव्या शतकातले नोलाचे बिशप. चाचे गावातली पोरं धरून घेऊन गेले, तेव्हा एका विधवेच्या मुलाच्या बदल्यात ते स्वतः गुलाम म्हणून गेले. पुढे एका तुर्काच्या मदतीने सुटले आणि नावेतून परत आले, तेव्हा गावाने लिलीची फुलं घेऊन त्यांचं स्वागत केलं. फुलांचा मनोरा झाला, नावेची नाव राहिली. दिवसाच्या शेवटी जिलियो आणि नाव समोरासमोर आणतात. आपले दोन्ही रथ ज्याने बघितलेत त्याने तेवढ्यासाठी तरी थांबावं.

विल्यम्सबर्गच्या या लोकांचं जुनं चर्च हमरस्त्यासाठी पाडलं गेलं. तो रस्ता वस्तीच्या मधोमध गेला, पुढे घरभाडी चढली, बहुतेक कुटुंबं लाँग आयलंड, न्यू जर्सीकडे पांगली. आता गल्लीत महागडी कॉफीची दुकानं आहेत. पण त्या रविवारी सगळे परत येतात, जसे वाडे सोडून इंदिरानगर-गंगापूर रोडला गेलेले आपले लोक एकादशीला पंचवटीत येतात.

आता खाणं. सॉसेज-मिरचीचा धूर सगळीकडे, त्यामुळे शाकाहारी माणसाला हात राखूनच खावं लागतं. झेपोले मात्र सोडू नका. आंबवलेल्या पिठाचे गोळे तेलात तळून कागदी पिशवीत टाकतात, वर पिठीसाखर ओतून पिशवी हलवून देतात. गरम असेपर्यंतच मजा आहे. अंडं चालत नसेल तर आधी विचारा. एका गाडीवर आम्हाला सकाळचे तळून ठेवलेले गार गोळे दिले, चिवट लागले. समोर तळून देतो तिथेच घ्या.

उणिवा आहेत. ऊन कडक, सावली नाही, वयस्कर माणसाला टेकायला जागा नाही. रिंग फेकण्याचे वगैरे खेळ अवाच्या सवा महाग आहेत, पोरांना तिकडे नेऊ नका. स्पीकर इतके मोठे की शेजारच्याशी बोलता येत नाही. स्वयंसेवक मात्र फार नीट वागतात. जिलियो वळताना एका आजींना हाताला धरून मागे घेताना पाहिलं, आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. आपल्या मिरवणुकांत ही शिस्त यावी असं मनापासून वाटतं.

न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीहून पाथ नावाच्या लोकल गाडीने मॅनहॅटनच्या चौदाव्या रस्त्यावर उतरा, तिथून एल नावाची भुयारी गाडी धरून लोरिमर स्ट्रीट. पुढे पाच-सात मिनिटं चालत हॅवमेयर स्ट्रीट. पहिली उचल सुरू व्हायच्या तासभर आधी पोचा, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या आणि चर्चच्या समोरच्या फुटपाथवर पुढची जागा धरा. मागे उभं राहिलात तर मनोरा दिसेल, पण कापो दिसणार नाही. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा बसायच्या जागेसाठी कापला, एक रांग खुर्च्या टाकल्या की तोही देईन.