कंट्रोल पॅनेलला प्रोजेक्टर जोडताना: आयआर की आरएस-२३२?

सभागृहातला प्रोजेक्टर, स्विचर (कोणत्या उपकरणाचं चित्र दाखवायचं ते निवडणारा) आणि अँप्लिफायर भिंतीवरच्या एकाच पॅनेलवरून चालवायचे, तर पॅनेल आज्ञा कशी पाठवणार हे वायर ओढण्याआधीच ठरवावं लागतं.

आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटचा अदृश्य प्रकाश) सोपं. रिमोटचे कोड पॅनेलला शिकवायचे, मण्याएवढा एमिटर (हा प्रकाश सोडणारा दिवा) प्रोजेक्टरच्या सेन्सरवर चिकटवायचा, झालं. पण ही वाट एकेरी आहे. बऱ्याच रिमोटवर चालू-बंदचं बटण एकच असतं. प्रोजेक्टर आधीच चालू असेल, तर पॅनेलवर ‘चालू’ दाबल्यावर तो बंद होतो आणि पॅनेलला त्याचा पत्ताच नसतो. छताजवळच्या उष्णतेनं चिकटपट्टी सुटून एमिटर लोंबकळताना मी पाहिलाय.

आरएस-२३२ला, म्हणजे तारेवरून दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या सिरियल जोडणीला, मेहनत जास्त. तारा तीनच: टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी), ग्राउंड. पण एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सलाच जायला हवा. मग बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) जुळवायचा. ९६०० बऱ्याच ठिकाणी चालतो, तरी मॅन्युअल पाहिल्याशिवाय गृहीत धरू नका. आज्ञेच्या शेवटचा कॅरेज रिटर्न (आज्ञा संपली हे सांगणारं चिन्ह) राहिला की प्रोजेक्टर ढिम्म हलत नाही. केबल साधारण १५ मीटरच्या आत ठेवावी. बदल्यात उपकरण उत्तर देतं. दिवा अजून गार होतोय हे कळलं, की तेवढा वेळ बटणाचा लाइट लुकलुकत ठेवता येतो आणि वक्ता घाबरून तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी प्रोजेक्टरला आरएस-२३२च देतो.

सेट-टॉप बॉक्सला मात्र आयआरच. बहुतेकांना सिरियल पोर्ट नसतोच.