खोलीतली तिजोरी की कुलूपबंद बॅग?

हॉटेलात उतरल्यावर पासपोर्ट, रोकड, दागिने बॅगेतून काढून तिजोरीत ठेवावेत की बॅगेतच कुलूप लावून ठेवावेत?

आधी सुरक्षितता. चेन असलेल्या बॅगेचं कुलूप कितीही दणकट असो, चेनचे दात साध्या बॉलपेनच्या टोकाने उघडतात आणि रनर फिरवला की पुन्हा बंद होतात. चोरी झाल्याचं कळतही नाही. शिवाय तीन आकडी कुलपाला जोडण्या फक्त 1000. चेनऐवजी खिट्ट्यांची कडक बॅग यात बरीच सरस.

तिजोरीचा धोका वेगळा आहे. पाहुणे कोड विसरतात, म्हणून हॉटेलकडे मास्टर कोड किंवा आपत्कालीन किल्ली असतेच. काही ठिकाणी कारखान्यातला मूळ मास्टर कोड बदललेलाच नसतो. म्हणून आधी रिकाम्या तिजोरीत स्वतःचा कोड टाकून बंद करा, मग सलग सहा शून्यं दाबून पाहा. उघडली तर वापरू नका. हलवूनही बघा, बोल्टने घट्ट बसवलेली नसेल तर ती अख्खी उचलून नेता येते.

खर्च दोन्हींचा नगण्य. विसरण्याची भीती मात्र तिजोरीत जास्त: निघताना लागणारा एक बूट आतच ठेवा.

एका रात्रीचा मुक्काम, सामान फारसं न उघडणारे: खिट्ट्यांची बॅग. तीन-चार दिवस राहून कपडे कपाटात लावणारे: तपासलेली तिजोरी. लग्नाचे दागिने असतील तर दोन्ही नकोत. रिसेप्शनच्या लॉकरमध्ये यादीसह पावती घेऊन ठेवा.