तापीच्या पूर-सरावात पाच वॅटचा हँडसेट

पावसाळ्याआधी आम्ही सहा-सात परवानाधारक हॅम, म्हणजे हौसेने बिनतारी रेडिओ चालवणारे, पुराचा सराव करतो. मोबाईल बंद आहेत असं धरूनच चालायचं. यंदा जळगावात नवा घेतलेला पाच वॅटचा हँडसेट, म्हणजे हातात धरायचा रेडिओ संच, नेला. दुकानदाराने आधी परवाना पाहिला, हे फार आवडलं.

हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला, केळीच्या बागेतून भुसावळला हाक दिली. निव्वळ खरखर! संच वाईट नाही, सोबतचा रबरी अँटेना तोकडा आहे. आम्ही बोलतो त्या १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी, म्हणजे अँटेनाला हवी ती लांबी, साधारण ५० सेंटिमीटर भरते, आणि हा वीतभरही नाही. शिवाय या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, उंची हवीच. मग घरी केलेला तारेचा अँटेना घेऊन मामांच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, चढलो. भुसावळचा आवाज इतका स्वच्छ आला की अंगावर काटा आला. १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात फोन तुटले, तेव्हा हॅमनी असेच निरोप पोचवले होते.

बॅटरी सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत पुरली, तीही बहुतेक वेळ नुसतं ऐकून. पुरात रात्रही काढावी लागते. संच जरूर घ्या, पण दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या. माझी राहिली आहे, या शनिवारी आणतोय.