घरोघरी यादी की आधी पाणी तपासणी?
शिरोळकडच्या एका दादांनी विचारलंय, गावात कॅन्सरचे पेशंट वाढल्यासारखे वाटतात, तर आधी यादी करू का बोअरचं पाणी लॅबला देऊ.

यादीला खर्च कमी, पण मेहनत लई. नुसतं 'कॅन्सर झालता' लिहून भागत नाही, बायोप्सी रिपोर्ट बघून अवयव आणि निदानाचं वर्ष लिहा, मग वय, तंबाखू, फवारणी, आधी कुठं राहत होते तेही विचारा.

पाण्याचा नमुना पटकन जातो, पण साध्या टेस्टमध्ये कीटकनाशकं येत नाहीत, ती वेगळी आणि महाग. शिवाय रिपोर्ट आजच्या पाण्याचा, कॅन्सर व्हायला बऱ्याचदा १०-२० वर्षं लागतात.

पेशंट खरंच जास्त आहेत का हे बघायचं तर यादीच करा. आज पितोय ते पाणी चालेल का एवढंच बघायचं तर टेस्ट, आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर तान्ह्या बाळाला ते पाणी लगेच बंद करा.