टेलिग्राफने लॉग फाइल मोजायला लावल्या, काही महिन्यांनंतरचा अनुभव

सीपीयू, मेमरी, डिस्क बघायला आमच्याकडे टेलिग्राफ (सर्व्हरवर बसून आकडे गोळा करणारा एजंट) आधीपासून होताच, आकडे इन्फ्लक्सडीबी ह्या वेळेनुसार आकडे साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये जातात आणि ग्राफाना ह्या टूलमध्ये ग्राफ म्हणून दिसतात. पण सीपीयूचा ग्राफ एकदम शांत आणि तिकडे लोकांना ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही, ही एरर) येतोय असं व्हायला लागलं की नुसत्या सिस्टीमच्या आकड्यांवर भागत नाही, काय झालं ते लॉगमध्येच असतं. मग वेगळं काही इन्स्टॉल न करता त्याच एजंटमधलं टेल प्लगइन (फाइलमध्ये येणाऱ्या नव्या ओळी वाचत राहणारं) चालू केलं, इंजिनएक्स ह्या वेब सर्व्हरचा ॲक्सेस लॉग (प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ) आणि ॲप्लिकेशनचा लॉग दोन्ही त्याला दिले, आणि आता काही महिने झाल्यावर लिहितोय. (लॉगपार्सर नावाचं जुनं प्लगइन अजून बऱ्याच ट्युटोरियलमध्ये दिसतं, ते डेप्रिकेटेड आहे, नवीन सेटअपला टेलच घ्या.)

आधीच सांगतो, ह्या एजंटकडून लॉग मोजून घ्यायचे, साठवून घ्यायचे नाहीत. मिनिटाला किती ओळी आल्या, त्यात ५०० च्या घरातले (सर्व्हरकडून एरर आल्याचे) किती, रिस्पॉन्सला किती वेळ लागला, एवढं काढलं की बास. अख्खी ओळ डेटाबेसमध्ये टाकायच्या भानगडीत पडू नका, ओळ वाचायची वेळ आली तर फाइल आहेच ना जागेवर, ग्राफने फक्त कुठल्या वेळेचा लॉग उघडायचा ते सांगायचं. ह्याच कारणाने टॅगमध्ये (आकड्यांची गटवारी करायच्या लेबलमध्ये) काय टाकताय ते बघा, स्टेटस कोड आणि मेथड ठीक आहे पण आयपी किंवा आयडी असलेला यूआरएल टॅग केला की प्रत्येक नव्या व्हॅल्यूला नवीन सीरिज (आकड्यांची वेगळी रांग) तयार होते आणि डेटाबेसची मेमरी फुगत जाते.

आता जिथे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागलं ते, म्हणजे ग्रोक पॅटर्न, लॉगच्या ओळीतून हवे ते भाग वेगळे काढायचा साचा. कंबाइन्ड ह्या नेहमीच्या लॉग फॉरमॅटसाठी तयार पॅटर्न मिळतो, पण त्या फॉरमॅटमध्ये रिस्पॉन्स टाइम नसतोच, तो इंजिनएक्सच्या लॉग फॉरमॅटमध्ये आपण वाढवायचा आणि पॅटर्नही मग आपणच लिहायचा. रिक्वेस्ट टाइम सरळ आहे, सेकंदात येतो, मिलिसेकंदापर्यंत. अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागच्या सर्व्हरने उत्तर द्यायला घेतलेला वेळ) मात्र तसा नाही. रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरपर्यंत गेलीच नाही तर तिथे नुसती '-' येते, आणि पहिल्या सर्व्हरने दाद दिली नाही म्हणून इंजिनएक्सने दुसरा धरला तर स्वल्पविराम देऊन दोन आकडे येतात. पॅटर्नमध्ये तिथे साधा नंबर लिहिला असेल तर ह्या दोन्ही प्रकारच्या ओळी जुळत नाहीत, आणि न जुळलेली ओळ टेलिग्राफ गपचूप सोडून देतो, त्याचा मेसेज फक्त डीबग लेव्हलला दिसतो. विचार करा, रेट लिमिटने (मर्यादेपेक्षा जास्त आल्या म्हणून) परत पाठवलेल्या रिक्वेस्ट आणि सर्व्हर बदलावा लागलेल्या रिक्वेस्ट, म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला नेमक्या त्याच ओळी गळतात आणि ग्राफ आहे त्याहून चांगला दिसतो! म्हणून आम्ही तासाभराच्या लॉगमधल्या ओळी डब्ल्यूसी कमांडने मोजून ग्राफच्या आकड्याशी ताडून बघतो, पॅटर्न बदलला की दर वेळी. ह्यावर उपाय म्हणजे पॅटर्न एकाऐवजी दोन-तीन द्यायचे, पहिला नंबरवाला, पुढचे ती फील्ड ड्रॉप करणारे. तीच फील्ड स्ट्रिंग म्हणून घेऊ नका, एकाच फील्डला कधी नंबर कधी स्ट्रिंग पाठवलं की इन्फ्लक्स ते घेत नाही.

पॅटर्न तपासायला टेलिग्राफला टेस्ट ऑप्शन आहे, पण टेल हे सर्व्हिस प्रकारचं (सतत चालत राहणारं) इनपुट असल्याने त्याला टेस्ट-वेट देऊन थोडा वेळ थांबवावं लागतं, नाहीतर काहीच न दाखवता तो बंद होतो आणि आपण उगाच पॅटर्नमध्ये चूक शोधत बसतो.

परमिशनचं थोडक्यात सांगतो, एजंट टेलिग्राफ नावाच्या युजरखाली चालतो, डेबियन-उबंटूवर त्याला लॉग वाचता येणाऱ्या एडीएम ग्रुपमध्ये टाका, आणि लॉगरोटेटची (जुना लॉग बाजूला करून नवी फाइल सुरू करणाऱ्या टूलची) क्रिएट ओळ बघून घ्या, नव्या फाइलची परमिशन तीच ठरवते, नाहीतर आज वाचता येणारी फाइल उद्या रोटेट झाल्यावर बंद. कॉपीट्रंकेट (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करायचा पर्याय) शक्यतो टाळा, कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी जाऊ शकतात असं लॉगरोटेटच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. फाइल एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) असेल तर वॉच मेथड पोल (थोड्या थोड्या वेळाने स्वतः बघणं) ठेवा, दुसऱ्या मशीनवरून लिहिलेलं आयनोटिफायला (फाइल बदलल्याची खबर देणाऱ्या लिनक्सच्या सोयीला) कळत नाही.

मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे डेटाबेस बंद पडला तरी टेल बेफाम वाचत सुटत नाही, न पोचलेल्या ओळींना मर्यादा आहे, डिफॉल्ट १०००, तेवढ्या झाल्या की थांबतो आणि आधीच्या पोचल्या की पुढे सरकतो. फाइल डिस्कवर असतेच, त्यामुळे छोट्या बंदमध्ये काही जात नाही.

आणि सगळ्यात उपयोगी अलर्ट कुठला ठरला तर एररचा नाही, ओळी यायच्या थांबल्याचा. प्रोसेस लटकली, डिस्क भरली, लॉगचा पाथ बदलला, ह्या सगळ्यात एररचा आकडा छान शून्य दाखवतो! ग्राफानात त्या अलर्टला 'नो डेटा' आलं तरी वाजायचं असं सेट करा.

ॲप्लिकेशनच्या लॉगला दोन गोष्टी जास्तीच्या लागल्या. जावाचा स्टॅक ट्रेस (एका एररच्या अनेक ओळी) एकत्र धरायला मल्टीलाइन सेटिंग, आणि टाइमझोन, कारण लॉगमधल्या वेळेला झोन लिहिलेला नसेल तर ग्रोक ती यूटीसी धरतो आणि सगळा ग्राफ काही तासांनी सरकतो, ग्रोकच्या टाइमझोन सेटिंगमध्ये लोकल लिहावं लागतं. ॲप आपल्याच हातातलं असेल तर सरळ जेसनमध्ये (प्रत्येक भागाला नाव देणाऱ्या फॉरमॅटमध्ये) लॉग लिहा, त्या फाइलपुरती ग्रोकची गरजच उरत नाही, आम्ही आता एकेक सर्व्हिस तिकडे नेतोय.