ऑफिस-कॉलेजचं वायफाय लिनक्सवर लागत नाहीये: डब्ल्यूपीए सप्लिकंटच ठेवायचा की आयडब्ल्यूडीवर जायचं?

घरचं वायफाय लागतं, मोबाईलचा हॉटस्पॉट लागतो, पण जिथे पासवर्डसोबत युजरनेमही टाकावं लागतं ते कॉलेजचं किंवा ऑफिसचं नेटवर्क नुसतं फिरत राहतं आणि परत पासवर्डची खिडकी उघडते. मग कोणीतरी सांगतं की सप्लिकंट काढ, आयडब्ल्यूडी टाक, लगेच लागेल. मी दोन्ही बरेच दिवस वापरलेत, एकदा तर घाईत बदलून दोन दिवस विनानेट बसले होते, म्हणून नीट लिहितेय.

आधी हे दोघं काय आहेत ते. वरती जो वायफायचा आयकॉन दिसतो तो नेटवर्कमॅनेजर, त्याच्या खाली प्रत्यक्ष लॉगिनची बोलणी करणारा वेगळाच प्रोग्राम असतो. उबुंटू, फेडोरा, डेबियनच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर तो डब्ल्यूपीए सप्लिकंट, वीसेक वर्षं जुना. आयडब्ल्यूडी हा इंटेलने सुरू केलेला नवा पर्याय, त्याचं 1.0 व्हर्जन 2019 मध्ये आलं. सगळ्यात मोठा फरक इथेच आहे: सप्लिकंट एन्क्रिप्शनसाठी सहसा ओपनएसएसएल ही सगळीकडे वापरली जाणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरतो, आणि आयडब्ल्यूडी ओपनएसएसएलला हातच लावत नाही, तो स्वतःची छोटी लायब्ररी आणि थेट कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, क्रिप्टो वापरतो.

हे का सांगतेय, तर माझं नेट नेमकं ह्याच फरकामुळे गेलं होतं. उबुंटू 22.04 वर अपग्रेड केलं, त्यात ओपनएसएसएल 3 आलं, आणि आदल्या दिवशीपर्यंत चालणारं कॅम्पसचं वायफाय बंद. पासवर्ड दहा वेळा टाकला, आयटीवाल्यांनी सांगितलं आम्ही लिनक्सला सपोर्ट करत नाही. शेवटी जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, सप्लिकंटचा लॉग उघडला तर एक ओळ होती, अनसेफ लेगसी रीनिगोशिएशन डिसेबल्ड (जोडणीची बोलणी परत करायची जुनी, असुरक्षित पद्धत बंद). म्हणजे पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हता, लॉगिन तपासणारा जुना रेडियस सर्व्हर ज्या पद्धतीने टीएलएस (सुरक्षित जोडणीची भाषा) बोलत होता तीच पद्धत नव्या ओपनएसएसएलने बंद केली होती.

अशा वेळी सप्लिकंटवर उपाय आहे: ओपनएसएसएलची एक वेगळी कॉन्फिग फाइल करायची, त्यात जुनं रीनिगोशिएशन चालू करायचं, आणि सिस्टमडीच्या (सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओव्हरराइडमधून ती फाइल फक्त सप्लिकंटच्या सर्व्हिसला द्यायची. अख्ख्या सिस्टमची कॉन्फिग बदला असं बरेच जण सांगतात, ते कृपा करून करू नका, तुमच्या बाकी प्रोग्राम्सचंही संरक्षण त्यात सैल होतं. सर्व्हर फक्त टीएलएस 1.0 वर अडकलेला असेल तर नव्या नेटवर्कमॅनेजरमध्ये त्या एकाच कनेक्शनच्या फेज-1 (लॉगिनचा पहिला टप्पा) फ्लॅगला 32 व्हॅल्यू दिली की ते चालू होतं, 1.1 साठी 64. एवढी बारीक बटणं आयडब्ल्यूडीमध्ये नाहीत. तिथे ओपनएसएसएलचे नियम लागूच नसल्यामुळे ही विशिष्ट एरर येत नाही हे खरं, पण दुसरं काही अडलं तर सैल करायला हाताशी फारसं काही नसतं.

आता आयडब्ल्यूडीची बाजू, कारण तो मला मनापासून आवडतो. एका नेटवर्कची एक फाइल, व्हार-लिब-आयडब्ल्यूडी फोल्डरमध्ये, नेटवर्कचं नाव आणि पुढे 8021एक्स हे एक्स्टेन्शन. आत आठ-दहा ओळी: लॉगिन पीईएपीने (पासवर्डवर) की टीएलएसने (सर्टिफिकेटवर), बाहेरची ओळख (आधी उघड जाणारं नाव), सर्टिफिकेटचा पाथ, सर्व्हरचं डोमेन, आतलं युजरनेम, पासवर्ड. फाइल सेव्ह केली की तो स्वतः वाचतो. मित्राला ती फाइल पासवर्ड काढून द्या, त्याचं काम झालं. नेटवर्कमॅनेजरच्या खिडकीत मात्र इतके ड्रॉपडाउन असतात की एखादं चुकीचं राहून गेलं तर कळतही नाही. आणि मोठ्या कॅम्पसमध्ये चालताना एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाणं मला आयडब्ल्यूडीवर जास्त सुरळीत वाटलं, हा माझ्या लॅपटॉपचा अनुभव. एक अडचण लक्षात ठेवा: एमएससीएचएपी व्ही2 साठी (पीईएपीच्या आत पासवर्ड तपासायची नेहमीची पद्धत) त्याला कर्नलमध्ये एमडी4 आणि डीईएस हे क्रिप्टोचे जुने भाग लागतात, कोणी कर्नल स्वतः बांधलेला असेल आणि ते काढलेले असतील तर चालणार नाही, पण कुठला ऑप्शन कमी आहे ते तो सुरू होतानाच लॉगमध्ये सांगतो.

कंपनीने सर्टिफिकेटवर लॉगिन दिलं असेल आणि त्याची गुप्त किल्ली (की) स्मार्ट कार्डमध्ये किंवा टोकनमध्ये (यूएसबीसारख्या छोट्या उपकरणात) असेल तर विचार करू नका, सप्लिकंटच. ती किल्ली साधी फाइल असेल तर दोन्ही चालतात. फेडोरावाल्यांनो, सर्टिफिकेट डाउनलोड्समध्ये ठेवलंत तर एसईलिनक्स (फेडोरातली सुरक्षाव्यवस्था) ते वाचू देत नाही, होममध्ये डॉट-सर्ट नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, लेबल बरोबर लागतं. ह्या एका गोष्टीत किती जणांची संध्याकाळ गेलीय.

बऱ्याच वेळा मात्र दोष दोघांचाही नसतो. लॅपटॉपचं घड्याळ मागे पडलेलं असतं म्हणून सर्टिफिकेट अजून सुरूच झालं नाही असं वाटतं. युजरनेमच्या शेवटी स्पेस राहते. ऑफिसने मॅक अ‍ॅड्रेस (वायफाय कार्डचा ओळख क्रमांक) रजिस्टर केलेला असतो आणि नेटवर्कमॅनेजर दुसराच अ‍ॅड्रेस पाठवतो. एज्युरोम असेल, म्हणजे युनिव्हर्सिट्यांचं सामायिक वायफाय, भारतात एर्नेट (शिक्षणसंस्थांचं नेटवर्क) चालवतं ते किंवा जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना डीएफएन ह्या तिथल्या तशाच नेटवर्कमार्फत मिळतं ते, तर घरच्या युनिव्हर्सिटीचं डोमेन युजरनेममध्ये लागतंच, आणि एज्युरोम कॅट ह्या त्यांच्या सेटिंगच्या साइटवरून तुमच्या संस्थेची लिनक्स स्क्रिप्ट मिळाली तर हाताने काही भरूच नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते, दोन्हीकडे लागू आहे. "सर्टिफिकेटची गरज नाही" ह्या चौकटीवर टिक करून बऱ्याचदा लगेच लागतं, पण मग त्याच नावाचं खोटं वायफाय लावून बसलेल्या कोणालाही तुमचा लॅपटॉप लॉगिन द्यायला जातो, आणि एमएससीएचएपी व्ही2 फोडता येतं हे 2012 च्या डेफकॉन ह्या हॅकर्सच्या परिषदेत दाखवून झालंय. तोच पासवर्ड तुमच्या मेलचा आणि पगाराच्या पोर्टलचा असतो. सर्टिफिकेटही द्या आणि डोमेनही लिहा.

तर निवड कशी करायची: सर्व्हर जुना असेल, टोकन असेल किंवा आयटीवाले मदत करत नसतील तर सप्लिकंटवर राहा आणि लॉग वाचा, त्याच्या एरर इतक्या लोकांना आल्यात की उत्तर सापडतं. सर्व्हर बऱ्यापैकी नवा आहे, साधं पीईएपी किंवा त्याच्यासारखंच टीटीएलएस आहे आणि फाइल लिहायचा कंटाळा नाही, तर आयडब्ल्यूडी जरूर लावून बघा. फक्त आधी हॉटस्पॉटवरून पॅकेज उतरवून घ्या, नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये वायफायचा बॅकएंड बदला, सप्लिकंटची सर्व्हिस बंद करा कारण दोघं एकाच कार्डवर भांडतात, पण पॅकेज काढू नका. नाही जमलं तर बॅकएंडची ती एक ओळ पुसून, आयडब्ल्यूडीची सर्व्हिस बंद आणि सप्लिकंटची परत चालू करून रीस्टार्ट केलं की परत जुन्यावर येता येतं, मी घाईत पॅकेजच काढून टाकलं होतं म्हणून ते दोन दिवस गेले.