सर्टिफिकेट वाचणं हाच माझा धंदा, आणि त्यातच मी फसलो

रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, पकडून ठेवणाऱ्या रिंगा काढल्या तेव्हा स्कोपच्या नळीवर दोन खुणा उमटलेल्या दिसल्या. नखानं दाबल्यासारख्या, चंद्रकोरीच्या आकाराच्या. बोट फिरवलं तर खोलगटपणा लागत होता. स्कोप माझा नव्हता, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांचा होता, बत्तीस हजारांचा. तो बसवून दिला होता मी, आणि ज्या टॉर्क ड्रायव्हरनं (ठरवलेल्या जोरापुढे स्क्रू न आवळणारा स्क्रूड्रायव्हर) बसवला तोही त्यांच्या गळ्यात मीच मारला होता.

मी चाकणला वाहनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. अठरा वर्षं झाली. गेज, मायक्रोमीटर, टॉर्क रेंच यांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं (हत्यार खरं माप दाखवतं का, याच्या तपासणीचे दाखले) तपासून फाइलला लावणं हे माझं रोजचं काम. ही माहिती आधीच देतोय, कारण पुढचं वाचताना 'एवढं कसं कळलं नाही' असं तुम्ही म्हणणारच आहात.

रविवारी सासवडजवळ एका ओळखीच्या शेतावर आम्ही चार-पाच जण एअर रायफल चालवतो. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे परवाना न लागणारी. मातीचा बांध, त्यापुढे कागदी टार्गेट, पंचवीस ते पन्नास मीटर. (स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवल्यापासून नातेवाईक मला 'तुमची ऑलिंपिकची तयारी कुठवर आली' असं विचारतात. त्या स्पर्धेच्या रायफलला स्कोप नसतोच, छिद्रातून नेम धरतात, हे सांगून थकलो.) आमच्यातल्या दोघांकडे स्प्रिंगवाल्या रायफली आहेत. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि मग पिस्टन आदळला की पुढे, असा दुहेरी धक्का देते. त्या धक्क्यानं स्कोप रिंगांतून हळूहळू सरकतो, आणि मागच्या रविवारचं झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा यांचा जुळवलेला मेळ, या रविवारी गायब होतं. मग माणूस काय करतो? ॲलन की घेतो आणि पिळतो. पुन्हा सरकला की आणखी पिळतो.

स्कोपची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते, सहसा एक इंची किंवा तीस मिलिमीटरची. रिंगेच्या वरच्या टोपीचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंडला आवळायचे असतात, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. नक्की आकडा स्कोप आणि रिंगा बनवणारा देतो, तोच पाळायचा. हे बळ फार थोडं आहे. छोटी ॲलन की दोन बोटांत धरूनही सहज त्याच्या पुढे जाता येतं. जास्त झालं की नळी दबते, आतली फिरती नळी अडकायला लागते, झूमची रिंग जड होते, टरेटचे, म्हणजे नेम सरकवायच्या गोल बटणांचे, क्लिक खोटं बोलायला लागतात. स्क्रूला आटे पक्के करायचं द्रव लावलं असेल तर आट्यांतलं घर्षण कमी होतं, आणि तेवढ्याच टॉर्कला पकड जास्त बसते. म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं, हाताच्या अंदाजावर जाऊ नका, टॉर्क ड्रायव्हर घेऊ.

नावाजलेला ड्रायव्हर अकरा-बारा हजारांच्या घरात पडत होता. त्याच सुमारास एका व्हॉट्सॲप गटात एकानं फोटो टाकला. मूठ फिरवून आकडा लावायचा, १० ते ६५ इंच-पाउंड, ठरलेल्या टॉर्कला खट् करून सुटणारा, डब्यात बिटांचा संच. किंमत साडेचार हजार. 'कंपनीचा जास्तीचा माल आहे, डबा उघडलेला नाही.' फोनवर माणूस गोड बोलला, मराठीतच, आणि मी कॅलिब्रेशनचं विचारायच्या आत स्वतःच म्हणाला, "साहेब, सोबत एनएबीएलचं सर्टिफिकेट देतो. पीडीएफ आत्ता पाठवू का?"

एनएबीएल म्हणजे कॅलिब्रेशन लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. पीडीएफ आली. वर चिन्ह, खाली गोल शिक्का, निळ्या शाईतली सही. मी ती उघडली, शिक्का पाहिला आणि बंद केली. एरवी ऑफिसात पुरवठादाराची हीच फाइल मी पाच मिनिटं उलटसुलट केली असती. इथे रविवारचा छंद होता, आणि सात हजार वाचल्याचा आनंद. तीन नग मागवले: एक मला, एक काकांना, एक मावसभावाला. साडेतेरा हजार एका वैयक्तिक नंबरवर यूपीआयनं गेले. बिल मागितलं तर 'जीएसटी लावला तर किंमत वाढेल' हे उत्तर, आणि मलाही ते पटलं.

माल आला, वजनदार, देखणा. अठराला लावला आणि काकांचा स्कोप बसवला. खट् आवाज इतका छान यायचा की काका म्हणाले, "आता कसं, मशीनसारखं झालं." तीन आठवड्यांनी त्यांचा फोन, झूम फिरत नाही. वॉरंटीला पाठवला तर रिंगांचे वण दाखवून परत आला: बसवताना जास्त आवळल्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कंपनीचं चूक नव्हतंच. त्याच आठवड्यात मावसभाऊ म्हणाला, "दादा, माझ्या रिंगेच्या एका स्क्रूचे आटे गेलेत रे."

तेव्हा कुठे मी ड्रायव्हर संशयानं हातात घेतला.

घरी तपासायची सोपी रीत आहे, ती नीट सांगतो. ड्रायव्हरच्या टोकाचं बिट व्हाइसच्या जबड्यात आडवं पकडायचं, त्यावर ड्रायव्हर आडवा बसवायचा आणि मुठीला सी-क्लॅम्पनं एक लाकडी पट्टी अशी बांधायची की दोन्ही बाजूंना सारखी लांब राहील. म्हणजे तिचं स्वतःचं वजन एकमेकांना तोलतं. मुठीच्या मध्यापासून बरोबर दहा सेंटीमीटरवर खाच करून दोरीनं रिकामा तेलाचा कॅन टांगायचा. पट्टी सपाट राहिली पाहिजे, आणि ड्रायव्हर घसरू नये म्हणून मागून हलकासा हात. मग कॅनमध्ये मापानं पाणी ओतत जायचं. खट् झालं की थांबायचं आणि पाण्यासकट कॅन काट्यावर ठेवायचा. अठरा इंच-पाउंड म्हणजे सुमारे पावणेएकवीस किलो-सेंटीमीटर. म्हणजे दहा सेंटीमीटरवर दोन किलो सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमला ड्रायव्हर सुटायला हवा.

दोन किलो झालं, काही नाही. अडीच झालं. बायको दारातून म्हणाली, "अहो, तो काटा पिठाचा आहे, ओला करू नका." तीन किलो शंभरला खट् वाजलं आणि कॅन चार बोटं खाली आला. पुन्हा केलं: साडेतीन किलो. पुन्हा: दोन किलो नऊशे. चौथ्यांदा तीन किलो सहाशे, म्हणजे एकतीस इंच-पाउंड. नुसता जास्त असता तरी हिशेब करून वापरता आला असता. हा दर वेळी वेगळंच बोलत होता.

आमच्याकडे कॅलिब्रेशनला येणाऱ्या मुलानं तो नेऊन त्यांच्या टॉर्क टेस्टरवर लावला. २ न्यूटन-मीटरला पाच वाचनं: २.८४, ३.४१, ३.०७, ३.५२, २.९०. आयएसओ ६७८९ या टॉर्क हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १० न्यूटन-मीटरपर्यंतच्या अशा हत्याराला ६ टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे १.८८ ते २.१२ च्या आसपास. उघडून पाहिलं तर आत ग्रीसचा पत्ता नाही, आणि सुटणाऱ्या दात्यांवर बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, तशीच.

मग रात्री मी ती पीडीएफ पहिल्यांदा वाचली. नुसती पाहिली नाही, वाचली. तारीख १५ ऑगस्ट. कोणती लॅब स्वातंत्र्यदिनी ड्रायव्हर तपासत बसते? वाचनं सगळी तंतोतंत, १५ ला १५.००, ४० ला ४०.००, ६५ ला ६५.००, पाचही वेळा, चूक शून्य. खऱ्या सर्टिफिकेटवर आकडे असे सरळ उभे राहत नाहीत, ते थोडे इकडेतिकडे सांडलेले असतात. मोजमाप किती इकडेतिकडे असू शकतं ते सांगणारा अनिश्चिततेचा रकाना नाही. कोणत्या मास्टर उपकरणावर तपासलं त्याचा उल्लेख नाही. एनएबीएलच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर वेगळा असतो तो यूएलआर नंबर नाही. सीरियल नंबर मात्र होता, आणि तिन्ही डब्यांतल्या तिन्ही ड्रायव्हरवर तोच! सकाळी शिक्क्यावरच्या लॅबला फोन केला. बाईंनी सर्टिफिकेटचा नंबर विचारला, शोधलं आणि म्हणाल्या, "सर, हा नंबर आमचा आहे, पण तो एका प्रेशर गेजचा आहे."

विकणाऱ्याला फोन लावला. आधी "साहेब, तुम्ही खट् झाल्यावरही पिळत राहिला असणार", मग "बघतो", मग नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन महिना उलटला होता; ही हेल्पलाइन पहिल्या काही तासांत जास्त कामाची, पैसे पुढे सरकायच्या आत. १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन. तिथे पहिला प्रश्न बिलाचा आणि विकणाऱ्याच्या पत्त्याचा. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, पण नोटीस पाठवायची कोणाला? माझ्याकडे एक बंद मोबाइल नंबर आहे आणि सात हजार वाचवल्याची आठवण.

आता टॉर्क ड्रायव्हर घेणार असाल तर पट्टा बघा, म्हणजे किती ते किती आकडे लावता येतात ते. १० ते ६५ असा लांब पट्टा दिसायला छान, पण आपलं काम १५-१८ ला, म्हणजे पट्ट्याच्या खालच्या टोकाला, जिथे स्प्रिंगवाला ड्रायव्हर सगळ्यात कच्चा असतो. आपला आकडा मध्यावर येईल असा छोट्या पट्ट्याचा घ्या, किंवा एकाच आकड्याला कारखान्यातून बांधून आलेला; त्यात आकडा चुकवायला जागाच नाही. एकक बघा: इंच-पाउंड, न्यूटन-मीटर आणि किलो-सेंटीमीटर यांची गल्लत केली तर चांगला ड्रायव्हरही फसवतो. काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा, स्प्रिंग ताणून डब्यात टाकू नका. सर्टिफिकेट मिळालं तर त्यावरचा सीरियल नंबर हत्यारावरच्या नंबराशी जुळवा आणि लॅबला फोन करा. फोनला दोन मिनिटं लागली होती मला, महिनाभर उशिरा.

काकांना स्कोपचे पैसे द्यायला गेलो तर घेईनात. शेवटी अर्धे घेतले. माझा ड्रायव्हर ऑफिसात नाकारलेल्या मालाला लावतो तो लाल टॅग लावून टेबलावर ठेवलाय. नवा मात्र दुकानातून, बिलासकट आणला. पहिल्या रविवारी काकांच्या हातात दिला, तर त्यांनी तो खाली ठेवला, गाडीची डिकी उघडली आणि आतून लाकडी पट्टी, दोरी आणि पाण्याचा कॅन काढला.